नव्या रायफलीचा बोल्ट अडतो तेव्हा

पेनसिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणांचा रायफल-हंगाम उघडतो. नवी रायफल घेणारे बरेच जण ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात घेतात आणि हंगाम तोंडावर आला की पहिल्यांदा रेंजवर नेतात. दोन-चार बार होतात, आणि मग बोल्टचा दांडा वर उचलता उचलत नाही, किंवा रिकामी पुंगळी चेंबरमध्येच रुतून बसते. शेजारच्या बाकावरचा कुणी तरी सांगतो, "नवी आहे, वापरून होईल सैल." हे ऐकून पुढची गोळी भरली जाते. ती भरू नये. आधी काय करावं, कुठल्या क्रमाने तपासावं आणि कुठे थांबून कारागिराकडे जावं, ते इथे सांगतो.

कायद्याचं आधी. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्यप्राण्यांच्या शिकारीला मनाई आहे, त्यामुळे हा विषय अमेरिकेसारख्या देशांत राहणाऱ्यांचा. अमेरिकेतही एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्याला केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला एरवी बंदी आहे. एखाद्या राज्याचा चालू शिकार-परवाना हा त्यातला एक अपवाद. मित्राची रायफल रेंजवर चालवायला घेतली तरी हाच नियम लागतो. आपल्या परिस्थितीत काय चालतं हे खरेदीआधी जाणत्याला विचारून घ्यावं.

आता भागांची ओळख. काडतूस चार गोष्टींचं बनतं: पितळेची पुंगळी, तिच्यातली दारू, पुढच्या टोकाला गोळी आणि बुडाच्या मधोमध प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी बारीक वाटी. नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसण्यासाठी कोरलेली जागा ते चेंबर. बोल्ट हे चेंबरचं पोलादी दार. त्याच्या पुढच्या टोकाला जाड दात असतात, त्यांना लग म्हणतात. दांडा खाली दाबला की लग सांगाड्यातल्या खाचांत फिरून अडकतात आणि दार बंद होतं. पुंगळीची कड धरून मागे ओढणारी आकडी म्हणजे एक्स्ट्रॅक्टर. बोल्टच्या तोंडावरची, स्प्रिंगने पुढे येणारी आणि पुंगळी बाहेर उडवणारी पिन म्हणजे इजेक्टर.

उदाहरणाला .३०८ विंचेस्टर घेऊ. हे काडतूस १९५२ साली बाजारात आलं आणि आजही हरणाच्या शिकारीसाठी सर्रास वापरलं जातं. अमेरिकेत बंदुका आणि काडतुसांची मानकं ठरवणारी उत्पादकांची संस्था म्हणजे सामी, १९२६मध्ये स्थापन झालेली. तिने .३०८साठी ठरवलेला कमाल सरासरी दाब आहे ६२,००० पीएसआय. पीएसआय म्हणजे एका चौरस इंचावर किती पौंडांचा जोर. मोटारीच्या टायरमध्ये हाच आकडा पस्तिशीच्या आसपास असतो. कॉलेजात असताना एनसीसीत पॉइंट टू-टू चालवलेल्यांनी हेही लक्षात घ्यावं, की त्या काडतुसाची मर्यादा २४,००० आहे. तिथला सरावलेला हात इथे उपयोगी पडतो, पण इथली ताकद अडीच पटींहून जास्त आहे.

चाप ओढल्यावर आत काय होतं ते समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. फायरिंग पिन प्रायमरवर आदळते आणि त्या धक्क्याने काडतूस पुढे सरकून खांद्यावर, म्हणजे पुंगळी मानेकडे निमुळती होते त्या उतारावर, टेकतं. दारू पेटते, दाब चढतो, पुंगळीची पातळ पुढची भिंत फुगून चेंबरला घट्ट चिकटते. त्यामुळे गरम वायू मागे, आपल्या चेहऱ्याकडे येत नाही. बुडाकडचा जाड भाग मात्र चिकटत नाही. तो मागे ढकलला जाऊन बोल्टच्या तोंडावर टेकतो. गोळी नळीबाहेर पडते, दाब ओसरतो, पितळ थोडं आकसतं आणि पुंगळी भिंतीपासून सुटते. हे सगळं काही मिलिसेकंदांत आटपतं.

बिघडतं ते यातल्याच कुठल्या तरी टप्प्यावर. दाब फार झाला तर पितळ इतकं ताणलं जातं की पुरेसं आकसतच नाही, आणि पुंगळी रुतते. चेंबर खरबरीत असेल तर दाब योग्य असूनही रुतते. बुडामागे मोकळी जागा जास्त असेल तर पुंगळी लांबीत ताणली जाते. तिन्ही वेळा हाताला एकच जाणवतं, की बोल्ट जड झाला. म्हणून एका लक्षणावरून निदान करू नये.

पहिली पायरी घरची, आणि ती रायफल दुकानातून आणली त्याच आठवड्यात करावी. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवावीत. मॅगझिन काढावं, बोल्ट मागे घ्यावा, चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी पाहावं आणि करंगळीनेही चाचपावं. मग नळीवर कोरलेलं काडतुसाचं नाव वाचावं आणि आपण आणलेल्या काडतुसाच्या बुडावर ठसवलेलं नाव त्याच्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावं. काडतूस आत बसलं म्हणजे ते त्या रायफलीचं असतंच असं नाही. .३०० ब्लॅकआउट हे .२२३च्या पुंगळीपासूनच बनवलेलं काडतूस. ते .२२३च्या चेंबरमध्ये जाऊ शकतं, बोल्टही कधी कधी बंद होतो, आणि मग .३०ची जाड गोळी .२२च्या नळीत कोंबली जाते. रायफली फुटल्या आहेत त्याने. घरात या दोन्ही रायफली असतील तर त्यांची काडतुसं एका वेळी एका टेबलावर काढूच नयेत.

यानंतर सफाई. कारखान्यातून येणाऱ्या नव्या रायफलीला गंज धरू नये म्हणून तेल किंवा ग्रीस लावलेलं असतं आणि ते चेंबरमध्येही असतं. नव्या रायफलीच्या तक्रारींत हे सगळ्यात साधं कारण, आणि सगळ्यात दुर्लक्षित. वर सांगितलं की पुंगळी भिंतीला चिकटून काही जोर पेलते. भिंत तेलकट असेल तर ती घसरते आणि तो जोरही बोल्टवर जातो. नळीत जास्तीचं तेल किंवा सफाईची चिंधी अडकलेली असेल तर गोळीची वाटच अडते, ते त्याहून वाईट.

सफाईची सळई शक्यतो मागून, म्हणजे चेंबरच्या बाजूने घालावी. नळी साफ करणं बहुतेकांना ठाऊक असतं. चेंबर नळीपेक्षा रुंद असल्यामुळे नळीचा ब्रश तिथे पोचूनही नीट घासत नाही, हे लक्षात येत नाही. चेंबरचा वेगळा, जाडसर ब्रश मिळतो. तो सॉल्व्हंटमध्ये भिजवून फिरवावा आणि मग कोरड्या चिंध्या घालत राहाव्यात, शेवटची स्वच्छ बाहेर येईपर्यंत. नंतर बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे आरपार पाहावं. बॅटरी लावून चेंबरची भिंतही पाहावी. ती गुळगुळीत चमकली पाहिजे. गोल कड्या दिसल्या, किंवा कोरताना पात्याने सोडलेले ओरखडे दिसले, तर वहीत टिपून ठेवावं.

तेल लागतं ते लगच्या मागच्या बाजूला. तिथे पोलादावर पोलाद घासतं, म्हणून मोहरीएवढं ग्रीस बोटाने लावावं. बोल्टच्या आत, फायरिंग पिनच्या स्प्रिंगपाशी मात्र ग्रीस भरलेलं नको. पेनसिल्व्हेनियातली नोव्हेंबरअखेरची पहाट गोठवणारी असते. त्या थंडीत ग्रीस घट्ट होतं, पिन मंदावते, प्रायमरवर उथळ खळगा पडतो आणि काडतूस उडतच नाही. रेंजवर दुपारी नीट चाललेली रायफल जंगलात फसते ती बऱ्याचदा यामुळे.

आता बोल्टची रिकामी चाचणी. ही मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण खर्च शून्य आणि उत्तर स्वच्छ. चेंबर पुन्हा एकदा रिकामं असल्याची खात्री करून नळी सुरक्षित दिशेला धरावी. बोल्ट बंद करून चाप ओढावा आणि दांडा उचलावा. जड लागेल. हे स्वाभाविक आहे. आजच्या बहुतेक बोल्ट रायफलींत दांडा उचलतानाच फायरिंग पिनची स्प्रिंग दाबली जाते. आता चाप न ओढता बोल्ट बंद करून पुन्हा उचलावा. या वेळी तो हलका उठला पाहिजे. हे दोन्ही स्पर्श हाताच्या लक्षात राहू द्यावेत. रेंजवरची तुलना यांच्याशीच करायची आहे.

दुसऱ्या खेपेलाही दांडा अडत असेल तर काडतुसाचा किंवा दाबाचा काही संबंध नाही, दोष यंत्रातला. इथे नेहमी सापडणारा चोर म्हणजे दुर्बिणीच्या बैठकीचा पुढचा स्क्रू. दुर्बीण बसवताना चुकून लांब स्क्रू तिथे गेला तर त्याचं टोक आत येऊन लगवर दाबतं. लाकडी किंवा फायबरचा दस्ता सांगाड्याला धरून ठेवणारा पुढचा मोठा स्क्रूही जास्त लांब असला तर हेच करतो. दुर्बिणीचा तो एक स्क्रू काढून बोल्ट फिरवून पाहावा. हलका झाला तर रोग सापडला, योग्य लांबीचा स्क्रू आणून बसवला की झालं. दांडा वर येताना दुर्बिणीच्या मागच्या काठाला घासतो का, तेही बघून घ्यावं. मी ज्या रेंजवर जातो तिथे 'दाब जास्त आहे' म्हणून आलेल्या तक्रारी स्क्रूपाशी संपलेल्या पाहिल्या आहेत.

पुढची अडचण रेंजवरची: भरलेलं काडतूस आत घातलं आणि बोल्ट बंदच होत नाही. इथे हेडस्पेस समजून घ्यावं लागतं. हेडस्पेस म्हणजे बोल्टच्या तोंडापासून, काडतुसाचा खांदा चेंबरमध्ये ज्या ठिकाणी टेकतो तिथपर्यंतचं अंतर. सामीच्या मापाने .३०८च्या चेंबरमध्ये हे अंतर १.६३० ते १.६४० इंच चालतं. काडतुसाचं तेच माप १.६२७ ते १.६३४ इंच चालतं. आता आकडे शेजारी ठेवून पाहावेत. चेंबर सगळ्यात आखूड आणि काडतूस सगळ्यात लांब निघालं, तर दोन्ही नियमात असूनही काडतूस चार हजारांश इंच, म्हणजे एक दशांश मिलिमीटर मोठं पडतं. बोल्ट घट्ट बंद होतो, आणि त्यात कुणाचाच दोष नसतो.

म्हणून एका कंपनीचं काडतूस घट्ट वाटलं तर दुसऱ्या कंपनीचं घेऊन पाहावं, अर्थात नावाने तेच. घट्ट म्हणजे तळहाताने थोडं जास्त दाबावं लागणं. त्याहून जास्त जोर लागत असेल तर थांबावं. भरल्या काडतुसावर बोल्ट हाताने ठोकायचा नाही, हातोडीचं तर नावही काढायचं नाही. तेच काडतूस बाहेर काढून पाहावं. गोळीवर बारीक चौकोनी ठसे उमटलेत का? असतील तर गोळी नळीतल्या पिळांना आधीच टेकते आहे, म्हणजे चेंबरपुढची मोकळी जागा आखूड आहे किंवा गोळी पुंगळीबाहेर जास्त आली आहे. अशा स्थितीत बार काढला तर दाब वाढतो. खांद्यावर घासल्याची चमक असेल तर गोष्ट हेडस्पेसची. कशाचेच ठसे नसतील तर चेंबरमध्ये कचरा राहिला आहे का ते पुन्हा पाहावं.

काडतूस आत अडकून बाहेरच येत नसेल आणि ते भरलेलं असेल, तर पुढून सळई घालून ढकलण्याचा मोह सगळ्यांना होतो. तो जीवघेणा आहे. नळी सुरक्षित दिशेला ठेवून रेंजवरच्या अधिकाऱ्याला बोलवावं. गनस्मिथकडे, म्हणजे बंदुकीच्या कारागिराकडे नेण्याआधी फोन करून स्पष्ट सांगावं की आत भरलेलं काडतूस अडकलं आहे. रिकामी पुंगळी अडकली असेल, ती रिकामी असल्याची पूर्ण खात्री असेल आणि रायफल थंड झाली असेल, तर मात्र पुढून सळईने हलक्या हाताने टिचकवून ती निघते.

बोल्ट नीट बंद होतो आहे असं धरून पहिल्या बाराकडे येऊ. कानाला संरक्षण सगळे लावतात; डोळ्यांना चष्मा विसरतात. दाबाच्या तक्रारीत डोळेच आधी जातात, म्हणून चष्म्याशिवाय एकही बार नको. पहिल्या दिवशी फक्त कारखान्यात भरलेली काडतुसं वापरावीत. खोक्यावरचा लॉट क्रमांक, म्हणजे ती कुठल्या घाण्यात तयार झाली त्याचा आकडा, वहीत उतरवावा. मॅगझिन भरू नये. एक काडतूस, एक बार, मग बोल्ट सावकाश उचलून पुंगळी हातात घ्यावी, बुडाकडच्या भिंतीवर पक्क्या शाईच्या पेनाने क्रमांक टाकावा आणि खोक्यात त्याच घरात परत ठेवावी. बाक उन्हात असेल तर खोका सावलीत. तापलेल्या मोटारीच्या डॅशबोर्डवर राहिलेल्या काडतुसांचा दाब चढतो, कारण बहुतेक दारू गरम असली की जास्त वेगाने जळते.

चाप ओढला आणि नुसता 'टक' आवाज आला, तर नळी निशाणाकडेच धरून किमान ३० सेकंद थांबावं. प्रायमर उशिरा पेटून बार मागाहून होऊ शकतो. आवाज आला पण फुसका बार झाल्यासारखा, धक्का नाममात्र, तर लगेच थांबावं. गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि तिच्यामागे दुसरी सोडली तर नळी फुटते. रायफल रिकामी करून, बोल्ट काढून, नळीतून आरपार उजेड दिसल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता बार नीट झाला, पण दांडा घरच्या चाचणीपेक्षा जड उचलला. इथे दोन वेगळे जडपणे ओळखावेत. दांडा वर उचलतानाच अडला तर बुडाकडचा भाग बोल्टच्या तोंडावर किंवा चेंबरमध्ये आवळला गेला आहे. हे दाबाचं लक्षण असू शकतं. दांडा सहज उठला पण बोल्ट मागे ओढताना पुंगळी चिकटून आली, तर संशय आधी खरबरीत किंवा घाणेरड्या चेंबरवर जातो. दोन्ही वेळा त्या दिवसापुरतं नेमबाजी थांबवून पुंगळ्या वाचायला बसावं. उजेडाचं टेबल, एक भिंग आणि एक कागदी क्लिप एवढं साहित्य पुरतं.

पुंगळीचं बूड आधी पाहावं. ठसवलेल्या अक्षरांजवळ एखादा चकचकीत गोल किंवा अर्धगोल डाग दिसतो का? बोल्टच्या तोंडात इजेक्टरसाठी भोक असतं. दाबाखाली पितळ त्या भोकात शिरतं आणि दांडा फिरवताना घासलं जातं. त्याचा तो डाग. रायफल नवी असताना भोकाची कड धारदार असली तर पुसट खूण पडू शकते. पण डाग स्पष्ट आहे, बोटाला उंचवटा लागतो आणि दांडाही जड होता, असं तिन्ही एकत्र आलं तर दाब जास्त झाला असं धरूनच चालावं.

मग प्रायमर. याच्याबद्दल लोक फार ठामपणे बोलतात, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. प्रायमर चपटा दिसला की 'प्रेशर' म्हणून मोकळे होतात. पण काही कंपन्यांचे प्रायमर मऊ असतात आणि योग्य दाबालाही चपटे होतात. हेडस्पेस जास्त असेल तर प्रायमर आधी मागे सरकतो आणि मग बूड मागे येताना पुन्हा दाबला जाऊन चपटा होतो. पिनच्या खळग्याभोवती उंच कडा आली तर दाब असू शकतो, किंवा बोल्टच्या तोंडातलं पिनचं भोक जरा सैल असू शकतं. प्रायमर बुडाच्या पातळीबाहेर आलेला दिसला तर उलट दाब कमी असल्याची किंवा हेडस्पेस जास्त असल्याची शक्यता असते. निर्विवाद खुणा मोजक्या: प्रायमरला भोक पडणं, तो निखळून पडणं, किंवा त्याच्याभोवती काळं वलय येणं, म्हणजे तिथून वायू गळला. यातलं काहीही दिसलं तर दुसरं काडतूस त्या रायफलीत जाऊ नये.

आता पुंगळीची भिंत. लांबीच्या दिशेने ओरखडे किंवा भोवती कड्या असतील आणि त्या प्रत्येक पुंगळीवर त्याच जागी असतील, तर त्या चेंबरच्या भिंतीवरच्याच रेघांचा छाप आहेत. सफाईच्या वेळी वहीत टिपलं होतं ते इथे जुळवून पाहावं. अशा चेंबरला पॉलिश लागतं. यूट्यूबवर बघून ड्रिलला पॉलिश पेपर लावून ते घरी करू नये. काढलेलं पोलाद परत येत नाही, आणि कंपनीची हमी मात्र जाते.

सगळ्यात काळजीने पाहायची खूण बुडापासून साधारण सहा ते दहा मिलिमीटर वर असते: भोवतालची चमकदार बारीक रेघ. जास्त हेडस्पेसमुळे पुंगळी तिथे ताणली जाऊन आतून पातळ होते. जाड भाग संपून पातळ भाग सुरू होतो तिथे थोडी चमक एरवीही दिसते, म्हणून नुसत्या नजरेवर विसंबू नये. कागदी क्लिप सरळ करावी, तिच्या टोकाला दोन मिलिमीटरचा आकडा वळवावा आणि तो पुंगळीत घालून भिंतीवरून तळापासून वर हळू ओढावा. भिंत चांगली असेल तर टोक सरळ सरकतं. पातळ झाली असेल तर त्या रेघेपाशी ते खाचेत अडकल्याचं बोटांना कळतं. नव्या काडतुसाच्या पहिल्याच बारानंतर खाच लागली, तर पुढच्या बाराला पुंगळी तिथे तुटून दोन तुकडे होऊ शकतात आणि वायू मागे येऊ शकतो. ती रायफल बंद करून पेटीत ठेवावी आणि गनस्मिथकडे न्यावी.

पुंगळीची मान उभी चिरली असेल तर मात्र घाबरू नये. बहुतेक वेळा ते पितळ कडक झाल्याचं, म्हणजे काडतुसातलं दुखणं असतं. लॉट बदलून पाहावा.

वेग मोजण्याचं यंत्र, क्रोनोग्राफ, कुणाकडून तासभर मिळालं तर जरूर लावावं. दाब आपल्याला दिसत नाही, वेग दिसतो, आणि फुकटचा वेग कुठून येत नाही. .३०८च्या १५० ग्रेन गोळीच्या खोक्यावर बहुधा सेकंदाला २,८२० फूट लिहिलेलं असतं. तो आकडा सहसा २४ इंची नळीचा असतो. आपली नळी २० किंवा २२ इंच असेल तर वेग त्याहून थोडा कमीच यायला हवा. आखूड नळीतून खोक्यापेक्षा जास्त वेग आला आणि बोल्टही जड असेल, तर दोन स्वतंत्र साक्षी जुळल्या.

आता कारण वेगळं काढायचं. चेंबर पुन्हा कोरडं करून दुसऱ्या कंपनीची काडतुसं तशीच एकेक करून पाहावीत. अर्थात वर सांगितलेल्या निर्विवाद खुणा किंवा क्लिपला लागलेली खाच नसेल तरच. त्रास फक्त एकाच लॉटला असेल तर दोष काडतुसांत. उरलेली वापरू नयेत, लॉट क्रमांकासह कंपनीला कळवावं. सगळ्याच काडतुसांना पहिल्या बारापासून त्रास असेल तर दोष रायफलीत. पहिले आठ-दहा बार ठीक जाऊन मग जड होत असेल तर उष्णता आणि साठलेली घाण. तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस भरून गप्पा मारत बसलं तर तेही तापतं, म्हणून दोन बारांमध्ये बोल्ट उघडा ठेवावा.

स्वतः काडतुसं भरणाऱ्यांसाठी एक वेगळा शब्द. नव्या रायफलीत आधी कारखान्याची काडतुसं चालवून बघितल्याशिवाय आपली भरलेली वापरू नयेत, नाही तर दोष कुणाचा ते कळणारच नाही. जुन्या रायफलीत चालणारं दारूचं प्रमाण नव्या रायफलीला तसंच लावू नये. पुस्तकातल्या सुरुवातीच्या आकड्यापासून चढावं. पुंगळीची लांबी मोजावी. .३०८साठी कमाल २.०१५ इंच आहे. वारंवार वापरून ती याहून लांब झाली तर मान चेंबरच्या टोकाला चिमटली जाते, गोळी सुटायला जागा राहत नाही आणि दाब एकदम उसळतो.

एवढं करूनही रायफलीवर संशय उरला, तर पुढचं काम गेजचं. गेज म्हणजे अचूक मापाचा पोलादी ठोकळा, काडतुसाच्या आकाराचा. .३०८साठी 'गो' गेज १.६३० इंचाचं असतं, त्यावर बोल्ट बंद झालाच पाहिजे. 'नो-गो' १.६३४चं, नव्या रायफलीचा बोल्ट त्यावर बंद होऊ नये. 'फील्ड' १.६३८चं, त्यावरही बंद झाला तर ती रायफल चालवू नये. हे मोजताना बोल्टमधली फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर आणि इजेक्टर काढून, दांडा दोन बोटांच्या भाराने खाली सोडायचा असतो. जरा जोर दिला तर गेज दबतं किंवा चेंबरला इजा होते आणि उत्तर चुकतं. म्हणून गेज विकत मिळत असलं तरी हे गनस्मिथकडूनच करून घ्यावं. .३०० विंचेस्टर मॅग्नमसारख्या काडतुसांत हेडस्पेस खांद्यावर नव्हे, बुडाजवळच्या पट्ट्यावर धरतात, त्यांची गेजं वेगळी.

गनस्मिथकडे जाताना रायफलीबरोबर क्रमांक घातलेल्या पुंगळ्या त्याच क्रमाने, उरलेली काडतुसं खोक्यासह आणि वहीतलं पान घेऊन जावं: कितव्या बाराला काय झालं, तेव्हा हवा कशी होती, चेंबर कधी साफ केलं. दहा मिनिटांत त्याचं अर्धं काम होतं. रायफल हमीत असेल तर आधी कंपनीला फोन करून सीरियल क्रमांक सांगावा आणि त्या क्रमांकाची रायफल दुरुस्तीसाठी परत मागवलेली नाही ना, हेही विचारावं. हंगामाच्या तोंडावर कारागिरांकडे रांग असते. ऑगस्टमध्ये रायफल घेतली तर हा सगळा फेरा नोव्हेंबरआधी पुरा होतो.

दुरुस्त होऊन आलेली रायफल पुन्हा पहिल्यापासून तपासावी: चेंबर कोरडं, बोल्टची रिकामी चाचणी, मग पाच काडतुसं एकेक करून, क्रमांकासह. पाचही पुंगळ्यांना क्लिप लावावी, बुडं भिंगाखाली पाहावीत. दांडा पाचही वेळा हलका उठला आणि पितळ स्वच्छ निघालं, की त्यानंतर दुर्बिणीचं निशाण जुळवायला बसावं.